मदत हवी आहे : वाकळ सातजणींची, पण मधोमध फुगा येतोय

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटातल्या सातजणी मिळून वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवतो. साधारण साडेसहा बाय साडेचार फूट, वर-खाली सुती नऊवारी, आत जुन्या धोतरांचे चार थर. मशीन नाही, सगळा हातचा धावदोरा, कडेपासून फेरे घेत आत मध्यापर्यंत.

दोन-तीन बाजूंनी एकदम शिवायला बसलो की मध्ये फुगा येतो. नव्या मुलींचा टाका सैल, जुन्यांचा ओढलेला. कापड आधी धुऊन घेतलं, वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले, सगळ्यांना एकाच जातीची सुई नि दोरा दिला. फरक पडला, पण पुरता नाही.

थर अंथरायचं काम एकट्या आक्काच करतात. गुडघ्यांवर बसून तळव्याने सुरकुती मधून कडेला सारत नेतात, नुसतं बघत राहावं. पण नवख्या पोरीचे टाके त्यांनी सगळ्यांसमोर उसवले की ती पुन्हा येत नाही. अशा दोघी गेल्या. आक्का सत्तरीपुढे आहेत आणि अंथरणीला दुसरा हात अजून तयार नाही, याची मला फार काळजी वाटते.

बाहेरून शिकवणारी बाई आणणं परवडणार नाही, आणि आक्कांना बाजूला तर मुळीच करायचं नाही.

ज्यांच्याकडे अजून एकत्र बसून शिवतात त्यांनी सांगा : सैल आणि घट्ट हाताच्या बायकांना एकाच वाकळेवर कुठे-कुठे बसवता? आणि अंथरणी नवखीच्या हाती पहिल्यांदा कधी नि कशी देता?