घरचं बियाणं की पिशवी?

भाऊ, गहू स्वपरागीभवनाचं पीक आहे (त्याच फुलातल्या परागाने दाणा धरतो, म्हणून वाण सहसा बदलत नाही), मग दरवर्षी बियाण्याची नवी पिशवी विकत कशाला घ्यायची, हा तुमचा मुद्दा पटला. आम्हीही एकदा घेतलेलं प्रमाणित, म्हणजे अधिकृत यंत्रणेने तपासून टॅग लावलेलं बियाणं दोन-तीन हंगाम घरचंच वापरतो. पण घरचं बियाणं म्हणजे खळ्यावरचा कुठलाही गहू नव्हे. त्यासाठी एक वाफा वेगळा ठेवावा लागतो, त्यातली भेसळीची उंच झाडं उपटावी लागतात आणि मळणीही वेगळी करावी लागते. हे कष्ट घेणारे आमच्या गावात फार थोडे आहेत.

पेरणीआधी गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात शंभर दाणे मोजून गुंडाळा आणि आठवड्याने उघडा. प्रमाणित गव्हाची किमान उगवण ८५ टक्के लागते. तुमचे सत्तरच उगवले तर एकरी ४० किलो बियाण्याचा हिशेब तिथेच चुकला.

तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून सुटं बियाणं आणलं, बिलही घेतलं नाही. उगवण विरळ झाली, दुबार पेरणी डिसेंबरात गेली आणि दाणा भरायच्या वेळी ऊन तापलं. तक्रार करायला हातात कागद नव्हता. तेव्हापासून प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग, पिशवी आणि पावती मळणी होईपर्यंत जपून ठेवतो.

वाणाचं म्हणाल तर निफाडच्या संशोधन केंद्राचा फुले समाधान बघा, वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरण्यांना शिफारस आहे. लोकवनची पोळी चांगली होते, पण तो तांबेरा रोगाला लवकर बळी पडतो.