अर्धवट लिखाणांपैकी आता कुठलं हातात घ्यायचं?

लॅपटॉप बदलायचा म्हणून परवा फाइली हलवत होते. ‘चालू लेखन’ नावाच्या फोल्डरात सात गोष्टी निघाल्या. ४१ हजार शब्दांवर अडलेली कादंबरी, दोन दीर्घकथा, पहिला अंक चक्क बरा जमलेलं नाटक, आजोबांच्या पत्रांवरचं काहीतरी, लहान मुलांच्या गोष्टी, आणि ‘नवीन’ नावाची एक फाइल. तिच्यात एकच ओळ : ‘तिने दार उघडलं तेव्हा पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.’ ही ‘ती’ कोण, काही केल्या आठवत नाही.

नोकरी सांभाळून रोज तासभर मिळतो. त्यात एकच काहीतरी होईल. का रखडलं ते विचारत नाहीये, ते माझं मला ठाऊक आहे. अशा वेळी तुम्ही कुठलं उचललंत, कशावरून, आणि ते तडीस गेलं का, एवढं सांगा. फसलेले अनुभव आधी आले तरी चालतील.

———

फसलेला अनुभव माझ्याकडे तयारच आहे. मी एक्सेल शीट केली होती. आवड, किती झालंय, किती उरलंय, छापून येण्याची शक्यता, सगळ्याला दहापैकी गुण. पहिलं आलं प्रवासवर्णन, आणि निकाल बघून माझंच तोंड पडलं. मग ‘आवड’ला दुप्पट वजन दिलं. तरी जमेना म्हणून तिप्पट. शेवटी नाटक वर आलं तेव्हा थांबलो. म्हणजे ठरलेलं आधीच होतं, शीटची नुसती सही हवी होती.

नाटक झालं का? नाही. शीट मात्र पूर्ण आहे. रंगीत.

———

माझा एकच नियम आहे : ज्या लिखाणाला जिवंत माणसं लागतात ते आधी.

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, डोक्यावर हेडफोन. रात्रपाळीत कुणाच्या घरी काय झालं ते गावाच्या आधी हिला कळायचं. दोन दुपारी बसून तिचं बोलणं रेकॉर्ड केलं, तीस-चाळीस पानं लिहिली. मग एका प्रकाशकाने माझ्या कादंबरीबद्दल विचारलं आणि मी तिकडे वळलो. आत्या काय, घरातलीच.

तीन वर्षांनी परत गेलो. रेकॉर्डिंगमध्ये तिने एका कॉलबद्दल ‘ते नंतर सांगते’ म्हटलं होतं, ते विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “जेवलास का रे?” थोड्या वेळाने पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत पाच वेळा.

पुस्तक झालं, दोन दुपारींच्या जिवावर. तो कॉल त्यात नाही. कादंबरी अजून आहे तिथेच आहे, तिला काय, तिची माणसं कुठे जातात!

———

प्रश्न माझा नाही, पण हे वाचून आत्ता मामांना फोन लावला. बाकी सवडीने लिहिते.

———

माझी निवड फॉन्टने केली. २००३ सालची कादंबरी, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. नव्या संगणकावर उघडली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर चालवला तर रफार भलत्याच डोक्यावर आणि पहिली वेलांटी एक घर सरकलेली. वैतागून जुनी प्रिंट समोर ठेवली आणि पहिल्यापासून टाइप करायला बसले.

मजा अशी की जो परिच्छेद टाइप करायचा कंटाळा यायचा, तो मी गुपचूप गाळायचे. २१० पानांची ९० राहिली. ती कादंबरी नव्हतीच, दीर्घकथा होती. महिन्याभरात संपली. धागाकर्त्या ताई, सातही फाइलींतली पाच-पाच पानं नव्याने टाइप करून बघा. नुसतं वाचलं तर आपल्याला आपलं सगळंच आवडतं.

———

‘जे डोक्यात घोळतंय ते घ्या’ असा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. अडवलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रयोगांवरून मांडलं होतं. पुढे सगळ्यांच्या प्रयोगांत तसं दिसलं नाही, पण माझ्यापुरतं पटतं. माझी एक कथा नवरा-बायकोच्या भांडणात मध्येच सोडलेली. दोन वर्षं घोळत होती. लिहायला घेतली तर भांडण मिटलं आणि पुढे कथेत काहीच नव्हतं.

उलट बाजूही आहे. मार्क ट्वेनने ‘हकलबेरी फिन’ १८७६ मध्ये सुरू केलं, मध्येच बाजूला टाकलं, दुसरी पुस्तकं लिहिली, आणि ते छापून आलं १८८४ च्या अखेरीस. बाजूला ठेवलं म्हणजे मेलं असं नाही.

———

‘सगळ्यात कमी उरलंय ते आधी’ या हिशेबाने मी अनुवाद घेतला. ३० पानं राहिली होती. पाच महिने गेले. सोपं सगळं आधी करून टाकलं होतं ना! वर मूळ प्रकाशकाची परवानगी घ्यायची राहिली होती, ती मिळाली नाही. परवानगी हातात नसेल तर अनुवाद यादीतच धरू नका.

———

पाच-पाच पानं टाइप केली. नाटकाचा पहिला अंक बरा नाहीये.

आजोबांच्या पत्रांवर गाडी अडली. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘बाळास आशीर्वाद’ आहे. बाळ म्हणजे माझी आई असं धरूनच मी आजवर लिहीत होते. आत्याचा किस्सा डोक्यात होता, म्हणून काल पत्रं आईपुढे ठेवली. तिने तारीख बघितली. “हा मी नव्हे. माझ्या आधीचा,” म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मला मामा होता हे मला माहीत नव्हतं. आज सकाळी आईने आपणहून चष्मा मागितला. एकच पत्र वाचू म्हणाली.