प्रतिसाद: जुनी वॅगनआर ठेवावी का?

नवी गाडी घेताना जुनी वॅगनआर विकावी की बाबांना अधूनमधून लागेल म्हणून ठेवावी, असं तुम्ही विचारलंय. पार्किंग दुसरं मिळणार असेल तर ठेवा, असं वर बहुतेकांनी सांगितलंय. पण इन्शुरन्सचा मुद्दा कुणीच काढला नाही. नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग ५ वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. जुनी विकलीत तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन ती सूट नव्या गाडीला लावता येते. नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम जुनीच्या कितीतरी पट, त्यामुळे फरक चांगलाच पडतो. जुनी ठेवलीत तर नवीचा बोनस शून्यापासून सुरू.

दुसरं, तुमची गाडी २०१२ ची. म्हणजे २०२७ मध्ये आरसीची (गाडीच्या नोंदणीची) १५ वर्षं भरणार. मग फिटनेस तपासणी, ५००० रुपये नूतनीकरण फी, वर ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर), आणि हे सगळं फक्त पुढच्या ५ वर्षांसाठी.

'बाबांना अधूनमधून लागेल' हे कारण मला तरी पटत नाही. अधूनमधून लागणाऱ्या गाडीची बॅटरी नेमकी त्याच दिवशी उतरलेली असते (आणि उंदरांनी वायरी खाल्ल्या असतील तर बघायलाच नको). रोज कुणी चालवणार असेल तर मात्र खुशाल ठेवा.

विकलीत तर फॉर्म २९-३० वर (मालकी बदलाच्या अर्जांवर) सह्या करून मोकळे होऊ नका. आरसीवर नाव बदललेलं स्वतः बघा. तोवर अपघात झाला तर कोर्टाची नोटीस तुमच्याच दारात.