सक्तीचं लायसन्स एकदाच. पुढे काय झालं?

आडवाट्या:
९ मार्च २०१२ ला पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सोराफेनिब बनवायची परवानगी दिली. औषध यकृत नि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं, पेटंट बायर या जर्मन कंपनीचं. बायरच्या गोळ्यांना महिन्याला २,८०,४२८ रुपये लागत, नॅटकोच्या ८,८८० ला. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खालचं हे सक्तीचं लायसन्स: पेटंटवाल्याची संमती नसली तरी दुसऱ्याला औषध बनवू द्यायचं. त्यानंतर एकही सक्तीचं लायसन्स दिलेलं नाही. विळा पाजळून ठेवलाय, पण आढ्याला टांगून! माझं मत: सरकारने तो खाली काढावा.

कागदी घोडा:
साफ असहमत. माणसांवर चाचण्या सुरू झालेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक बाजारात येतं. उरलेल्या नवांचा खर्च कोण भरणार? नॅटकोने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या आणि वर ६ टक्के रॉयल्टी देऊन मोकळी झाली.

आडवाट्या:
रॉयल्टी अपिलात ७ टक्के झाली, आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही लायसन्स कायम ठेवलं. त्या खटल्यातली गंमत ऐका. औषध पुरेसं मिळतंय हे दाखवायला बायरने सिप्लाच्या स्वस्त गोळ्याही हिशेबात धरायला सांगितल्या. त्याच सिप्लावर बायरने पेटंटभंगाचा दावा लावलेला होता!

शिरीषकळी:
+१, हे माहीत नव्हतं.

गोळीवाली:
वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे, म्हणून मधे बोलते. ८,८८० तरी कुणाला परवडतात? 'यातल्या दहाच द्या, पुढच्या पगाराला बाकीच्या नेतो' म्हणणारी माणसं रोज बघते. लायसन्सपेक्षा मला दुसरी वाट बरी वाटते: पेटंट मिळण्याआधीच हरकत घ्यायची. टीबीच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. त्याच्याच एका क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या जरा बदललेल्या रूपावर, दुसरं पेटंट मिळालं असतं, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली, मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. दोघींनाही टीबी होऊन गेलेला, दोघींचीही ऐकण्याची शक्ती उपचारांत गेलेली.

कागदी घोडा:
जुन्याच औषधाला नवं टोपडं घालून वीस वर्षं मागणं मलाही पटत नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(ड) ते अडवायलाच आहे. पण बेडाक्विलिनच्या आधी जवळपास चाळीस वर्षं टीबीवर नव्या प्रकारचं औषध आलं नाही. का? त्यात पैसा नव्हता.

आडवाट्या:
पेटंटची सोय असूनही नाही ना आलं? गरिबांच्या रोगाकडे कुणी फिरकलं नाही, हे तुम्हीच सांगताय.

कागदी घोडा:
बरं, हा मुद्दा दिला. पण पैसा घालणार कोण, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

गोळीवाली:
बेडाक्विलिन आमच्या दुकानात येत नाही, सरकारी टीबी कार्यक्रमातून फुकट मिळतं. म्हणजे तिथे किंमत उतरली की वाचतो तो सरकारचाच पैसा. तो संशोधनाला लावा की!