वेळ फक्त लॅबमध्ये जात नाही

पल्स्ड फील्डचं (विजेच्या अगदी छोट्या झटक्यांनी काम करणारं) मशीन आलं की अब्लेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवणारा भाग निकामी करण्याच्या प्रक्रियेची, वेटिंग लिस्ट आपोआप कमी होईल असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होतात तो आजार) रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने एकेक ठिपका जाळत बसण्यापेक्षा ते पटकन होतं हे खरंय, क्रायोबलूननेही (गोठवणाऱ्या फुग्याने) वेळ वाचतो (2016 च्या फायर अँड आइस ट्रायलमध्ये बलून रेडिओफ्रिक्वेन्सीच्या तोडीस तोड ठरला होता). पण बेड अडकतो तो लॅबच्या, म्हणजे अब्लेशन करतात त्या खोलीच्या, बाहेर.

बाबांचं अब्लेशन झालं तेव्हा आतलं काम दोन तासांत आटपलं, पण आदल्या दिवशीच ॲडमिट केलेलं, भूलतज्ज्ञ दुसऱ्या केसमध्ये म्हणून दुपारी दीडपर्यंत उपाशी, मग नळी जिथून आत घातली त्या जांघेवर रक्त थांबायला वाळूची पिशवी ठेवून सहा तास पाय हलवायचा नाही, आणि ती रात्रही तिथेच काढली, बाबा सारखे विचारत होते आता तरी कुशीवर वळू का. जांघेत शीर टोचलेल्या जागी आठच्या आकड्यासारखा एक टाका घातला तर रक्त लवकर थांबतं, पेशंटला लवकर उठवता येतं, आणि तब्येत ठीक असेल तर काही ठिकाणी संध्याकाळी घरीसुद्धा सोडतात. त्याला नवीन मशीन लागत नाही, साधा दोरा लागतो! तुमच्या डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा.