२०४ ची ओल आणि नानांचा बांध

जळगावातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. सोमवार, रात्री

बापू, ए-२०४: सर्वांना नमस्कार. माझ्या किचनच्या भिंतीला आणि बाथरूमच्या छताला जूनपासून ओल आहे, फोटो टाकले आहेत. पोपडे डब्यांवर पडतात, म्हणून मांडणी काढून हॉलमध्ये ठेवली आहे. ३०४ ला चार वेळा सांगून झालं. उत्तर एकच, आमच्याकडे काही गळत नाही. आता मी वकील बघितला आहे. या आठवड्यात ३०४ आणि सोसायटी, दोघांना नोटीस जाईल. नंतर कुणी म्हणू नये की आधी सांगितलं नाही.

ए-३०४: पाठवा नोटीस. मागच्या दिवाळीला पदरचा दीड लाख घालून बाथरूम नवीन केलंय, फरशीसकट. आम्हीही वकील देऊ.

सेक्रेटरी आप्पा: दोघांनी जरा दमानं घ्या. शनिवारी मीटिंग लावतो.

ए-४०३: आप्पा, मीटिंगमध्ये नुसता चहा होतो. बापू, पाठवाच. हल्ली नोटिशीशिवाय कुणी जागचं हलत नाही.

बी-३०१: बापू, माझं ऐका, वकिलाच्या नादी लागू नका. भांडण मिटलं तर त्यांचं पोट कसं भरणार? पेपरात आलं होतं, मथुरेच्या एका माणसाने रेल्वेवर २० रुपयांसाठी केस केली आणि ती २२ वर्षं चालली. आणि अमेरिकेतली ती बाई तर सगळ्यांना माहीत आहे. स्वतःच्या हाताने अंगावर कॉफी सांडली आणि कोट्यवधी रुपये घेऊन गेली. आपल्याकडे आता तेच सुरू होणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही.

बी-३०१: (फॉरवर्ड) वकिलांवरचे दहा विनोद

वकील ताई, बी-४०२: दादा, हे विनोद काढून टाका ही विनंती. माझी मुलगी आठवीत आहे, या ग्रुपवरचं ती वाचते. परवाच तिने विचारलं, आई, तू लोकांची भांडणं लावतेस का? कामाबद्दल जे बोलायचं ते मोकळेपणी बोला, मी उत्तर देईन.

बी-३०१: काढले ताई. तुमच्याबद्दल नव्हतं ते.

आक्का, ए-१०३: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये रे. आपल्या प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या, त्या आधी जळगावच्याच कोर्टात वकिली करायच्या. उज्ज्वल निकमही इथलेच. त्यांची नावं निघाली की आपण छाती पुढे काढतो, मग बाकीच्या वकिलांना नावं का ठेवायची? माझ्या पतसंस्थेतल्या ठेवीचं काय झालं ते निम्म्या बिल्डिंगला ठाऊक आहे. लेकीच्या लग्नाचे पैसे होते ते. ग्राहक मंचात केस लावली तेव्हा कुठे निम्मे हातात पडले. कागद वकिलाने केले. फी विचारली तर म्हणाला, मावशी, पैसे आले की बघू.

मंगळवार

ए-५०१, न्यूजर्सीहून: इथे सकाळ आहे म्हणून उशिरा लिहितोय. बी-३०१ काका, कॉफीची गोष्ट मीही इथे आल्यावर तशीच ऐकली होती. नंतर नीट वाचली. त्या बाई ७९ वर्षांच्या होत्या, स्टेला लीबेक. १९९२ मध्ये न्यू मेक्सिकोत नातवाच्या गाडीत बसल्या होत्या, गाडी उभी होती. मॅकडोनाल्डची कॉफी सुमारे ८५ अंश सेल्सियसच्या आसपास द्यायचे. मांड्यांची कातडी खोलवर भाजली, आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं, कातडी लावायला लागली. त्यांनी आधी मागितले होते २०,००० डॉलर. कंपनीने देऊ केले ८००. कोर्टात निघालं की तशा भाजण्याच्या ७०० च्या वर तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या. ज्यूरीने मोठी रक्कम लावली, पुढे न्यायाधीशाने ती बरीच कमी केली आणि शेवटी आपसात मिटलं. पण लोकांच्या डोक्यात राहिली ती लोभी म्हातारी. हे वाचल्यावर मी कुणाच्याही केसवर पटकन हसायचं सोडून दिलं.

वकील ताई, बी-४०२: मथुरेचंही तसंच आहे. दोन तिकिटं ७० रुपयांची, घेतले ९०. ते गृहस्थ स्वतः वकील, म्हणून आपलं आपण लढले. १९९९ ची केस, निकाल २०२२ मध्ये. २० रुपये व्याजासकट परत आणि वर १५,००० रुपये. खिडकीवर दिवसभरात किती तिकिटं निघतात याचा विचार करा, मग ते २० रुपये लहान वाटणार नाहीत. २२ वर्षं लागली ही लाज आहे. ती आम्हा कोर्टातल्या माणसांची आणि सरकारची आहे, दाद मागणाऱ्याची नाही.

आता दादांनी विचारलेल्या पोटाबद्दल. आमच्यात तारखा घेऊन पक्षकाराला झुलवणारे आहेत, नाही कशाला म्हणू? दिवाणी दाव्यात एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी, म्हणजे पुढच्या तारखा, देऊ नये असं कायद्यात २००२ पासून लिहिलेलं आहे. किती पाळलं जातं ते कोर्टात बसलेल्या कुणालाही दिसतं. खोटा किंवा नुसता त्रास द्यायला दावा लावला तर समोरच्याला भरपाई मिळते, पण साध्या दिवाणी दाव्यात तिची मर्यादा ३,००० रुपये. एवढ्यात दोन वेळचं टायपिंग नि झेरॉक्सही सुटत नाही. महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे, सवयीने खोटे दावे लावणाऱ्याला हायकोर्ट आवरू शकतं. पण त्यासाठी राज्याच्या महाधिवक्त्यांनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, अर्ज करावा लागतो, आपल्यासारख्याने नाही. म्हणून नाहक दावा लावणाऱ्याला भीती राहिलेली नाही. देशभरात खालच्या कोर्टांत ४ कोटींच्या वर प्रकरणं पडून आहेत. त्या ढिगात खऱ्या माणसाचा कागद तळाशी जातो, आणि मला राग येतो तो त्याचा.

बी-३०१: मग वकीलच अशा माणसाला दारातून परत का नाही पाठवत?

वकील ताई, बी-४०२: पाठवतो. तो शेजारच्या टेबलावर जातो.

नाना, बी-१०१: मला टाइप करायला वेळ लागतो, काल रात्रीपासून थोडं थोडं लिहितोय. बापू, हे तुमच्यासाठी आहे.

आमचं गाव चोपडा तालुक्यात. माझे वडील आणि त्यांचे चुलत भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, यांची शेतं लागून. मध्ये बांध, बांधावर एक लिंब. १९७८ च्या पावसाळ्याआधी तात्यांच्या गड्याने नांगर बांधात घातला. वडील म्हणाले, अडीच हात जमीन खाल्ली. तात्या म्हणाले, मी माझ्याच हद्दीत आहे. मोजणी मागवता आली असती. पण पारावर चार लोकांत शब्द वाढला आणि वडिलांनी दावा लावला.

मी तेव्हा चौदा वर्षांचा. शाळा नसली की वडील मला बरोबर न्यायचे. पहाटेची एसटी, पिशवीत भाकरी नि ठेचा, आणि लाल कापडात बांधलेलं कागदांचं बासन. ते बासन मी मांडीवर धरून बसायचो. कोर्टात व्हरांड्यातल्या बाकावर दिवस जायचा. पट्टेवाला नाव पुकारायचा तोवर साडेचार झालेले असायचे, आणि आत गेलेले वडील दोन मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर यायचे. पहिल्या तीन वर्षांत बैलजोडी गेली. मग आईच्या पाटल्या. ती काही बोलली नाही, पण पुढे कुणाच्याही लग्नात हात पदराखाली घेऊन बसायची.

मला सांगायचं आहे ते आमच्या वकिलाबद्दल. पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी वडिलांना माझ्यासमोर दोनदा सांगितलं, तुमच्या भावाचा वकील माझ्या ओळखीचा आहे, तलाठ्याला आणि मोजणीवाल्याला घेऊन बसू, एका दिवसात संपेल. दुसऱ्या वेळी वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी तुम्हाला लढायचे पैसे देतो, मिटवायचे नाही. मी बासन धरून बसलेलो. वकिलांनी मान खाली घातली आणि पुढचा कागद ओढला.

खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो. तात्या अपिलात जळगावला गेले. निकाल लागला २००१ मध्ये. वडील १९९६ ला गेले होते, तात्या त्यांच्यानंतर तीन वर्षांनी. हुकूमनामा घ्यायला मी आणि तात्यांचा मुलगा, दोघंच उरलो. मोजणी झाली, दगड लागला. लिंबाच्या खोडापासून हातभर अलीकडे.

आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच होती. काकू खापरावरची पुरणपोळी करायची तेव्हा घडी घातलेली पोळी कुडावरून आईच्या हातात यायची. २३ वर्षं ती आली नाही. काकू गेली तेव्हा आई ओट्यावर उभी राहून रडली, पण वडिलांनी उंबरा ओलांडू दिला नाही. बापू, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे, ओल मी हाताने बघितली आहे. पण ३०४ च्या वहिनी तुमच्या ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस डबा द्यायच्या, हेही मी बघितलं आहे.

आक्का, ए-१०३: नाना, डोळ्यांत पाणी आणलंत.

अण्णा, बी-२०३: नाना, तुमचं खरं. पण मले एक सांगू द्या. रावेरच्या मळ्यातली केळी परराज्यातल्या व्यापाऱ्याले दिली, त्याचा चेक वटला नाही. गोडीनं मागितले, पाहुण्यांकडून सांगून पाहिलं, रमजान-दिवाळी गेली. तो फोन उचलेना. मग वकिलानं सांगितलं, बँकेनं चेक परत केल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नंतर त्याले १५ दिवस. माझा एक चेक तर मुदत संपून वाया गेलेला, दुसऱ्यावर नोटीस धाडली. बाराव्या दिवशी पैसे आले. वर्षभर जे पाया पडून भेटलं नाही ते एका कागदानं भेटलं भो. गरिबानं कोर्टाची पायरी चढू नये म्हटलं तर त्याले विचारणारं कोण? नानांची केस भावावरची होती, माझी अनोळखी माणसावरची. दोघांले एकच म्हण लावू नका.

नाना, बी-१०१: अण्णा, मान्य आहे. अगदी मान्य.

बापू, ए-२०४: पण ३०४ वाले ऐकूनच घेत नाहीत तर मी काय करायचं? मला भांडायची हौस नाही. बायकोला दम्याचा त्रास आहे, ओलीने वाढतो. चार महिने झाले.

वकील ताई, बी-४०२: बापू, तुमचा हक्क पक्का आहे, त्यात शंका ठेवू नका. पण नोटिशीत लिहिणार काय? पाणी कुठून येतं हे अजून कुणालाच माहीत नाही. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, घराच्या आतली, बाथरूम-सिंकची गळती असेल तर ज्याच्या घरातून येते त्याने दुरुस्त करायची. डक्टमधला, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला, कॉमन पाइप किंवा बाहेरची भिंत असेल तर सोसायटीने. नोटीस आज गेली तर ३०४ पाइपकडे बोट दाखवतील, सोसायटी ३०४ कडे, आणि ओल तिथेच राहील. आधी पाणी शोधा. तरी नाही जमलं तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, दावा लावायच्या आधीसुद्धा प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. वहिनींच्या नावाने अर्ज केला तर वकीलही फुकट मिळेल, महिलांना उत्पन्नाची अट नाही. हे सांगायची मी फी घेत नाही.

ए-३०४ वहिनी: मी लिहिते आता, हे ऑफिसात आहेत. बापू, दम्याचं आम्हाला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. ह्यांना वाटलं फरशीचा खर्च परत डोक्यावर येतो, म्हणून तसं बोलले. रविवारी या, प्लंबर घेऊन या, आम्ही घरातच आहोत.

सेक्रेटरी आप्पा: रविवारी सकाळी ८ ला प्लंबर येतो. ३०४ च्या बाथरूमची नहाणी, म्हणजे पाणी जायचं भोक, कापडाने बंद करून दोन इंच पाणी भरायचं, त्यात निळा रंग. २४ तास कुणी वापरायचं नाही. आक्का, ३०४ च्या मंडळींना तुमचं बाथरूम द्याल का?

आक्का, ए-१०३: हे काय विचारणं झालं? जेवायलाही इकडेच या. भरीत करते.

बापू, ए-२०४: वकिलांना फोन केला. नोटीस सोमवारपर्यंत थांबवली.

सोमवार

बापू, ए-२०४: फोटो बघा. बाथरूमच्या छताला, नहाणीच्या खाली, निळा डाग आला आहे. पण किचनची भिंत निळी नाही.

सेक्रेटरी आप्पा: सकाळी डक्ट उघडला. दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मधला पाइपचा जोड तडकलाय, शेवाळ धरलंय. किचनची ओल तिकडची. ते काम सोसायटीचं, उद्या सुरू होईल.

ए-३०४: नहाणीचं आम्ही करतो. ज्याने फरशी बसवली त्याला बोलावलंय, पैसे त्याच्याकडून घेईन नाहीतर मी देईन. बापू, चार महिने तुम्हाला खोटं ठरवलं, चुकलं माझं.

बापू, ए-२०४: राहू द्या. मीही जिन्यात नको ते बोललो होतो.

बापू, ए-२०४: आप्पा, रंगकामाचं तेवढं राहिलं. किचनच्या भिंतीचा रंग कोण देणार?

सेक्रेटरी आप्पा: शनिवारच्या मीटिंगला घेतो. ताई, तुम्हीही या, उपविधींचं पुस्तक घेऊन.