मदत हवी आहे: पॅरोल ऑफिसर 'व्हायोलेशन' (अट मोडल्याची नोंद) लिहायचं की नाही हे कशावरून ठरवतो? (अमेरिका)

नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ अमेरिकेत पॅरोलवर आहे, म्हणजे शिक्षा पुरी व्हायच्या आधी अटींवर सुटलाय आणि ऑफिसरच्या देखरेखीखाली आहे. बाहेर येऊन सात महिने झाले. कामाची शिफ्ट बदलली आणि ऑफिसरला भेटायची एक तारीख चुकली. त्यात खोली बदलली, तेही चार दिवस उशिरा कळवलं. नवा गुन्हा काही नाही. ऑफिसर म्हणतो, "रिपोर्ट पाठवायचा का ते बघतो." हे बघणं कशावर चालतं? त्याच्या मनात आलं की हा थेट आत?

(आपल्याकडचा पॅरोल म्हणजे तुरुंगातून ठरावीक दिवसांची सुटका. तो वेगळा, कृपया त्याचे नियम सांगू नका.)

प्रतिसाद १
ऑफिसर अटक करवू शकतो, पण पॅरोल रद्द करत नाही. तो शिफारस करतो. निर्णय पॅरोल बोर्डाचा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात कोर्टाचा. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९७२ च्या 'मॉरिसी विरुद्ध ब्रूअर' निकालापासून आरोप लेखी कळवणं, पुरावा दाखवणं आणि सुनावणी घेणं बंधनकारक आहे. सुनावणीत दोन प्रश्न असतात: अट मोडली का, आणि मोडली असेल तर परत आत पाठवण्याइतकं ते गंभीर आहे का. घरचे सगळे पहिल्यावरच भांडत बसतात. तुमची खरी बाजू दुसऱ्यात आहे.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. ऑफिसर मूळ गुन्हा, आधीच्या चुका, नोकरी, राहण्याची जागा हे सगळं बघतो, आणि बऱ्याच ठिकाणी वरिष्ठाची सहीही लागते. पण माझ्या मते सगळ्यात जास्त वजन एकाच गोष्टीला: माणूस चुकला की गायब झाला? उशिरा का होईना, पत्ता स्वतःहून कळवला ना? मग तेच ठळकपणे मांडा. अशा चुकीवर ताकीद, जास्त वेळा हजेरी, रात्रीची संचारबंदी किंवा पायाला जीपीएस पट्टा, इतक्यावरही भागतं. शिफ्ट बदलल्याचं मालकाचं पत्र आजच घ्या.

आणि सुनावणीचा हक्क सोडल्याच्या कागदावर वकिलाला विचारल्याशिवाय सही नको. पुरावा इथे फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही आणि सरकारी खर्चाने बचावाचा वकील प्रत्येकाला मिळेलच असं नाही, तेव्हा नोटिशीची वाट न बघता आत्ताच विचारा.

धागाकर्ता
आभार दोघांचे. मालक पत्र द्यायला तयार आहे. ते भाऊ पुढच्या भेटीत स्वतः देईल की वकिलामार्फत जावं?